चौदा जूनला मी घरी नव्हतो

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. मित्रांनो, ‘दरवाजाला कसलं आलंय आयुष्य!’ असं म्हणून पान उलटू नका. माझ्या नावावर सरकारी कागदात चक्क खोटं लिहिलं गेलं, आणि तेही मला न विचारता! तो राग अजून माझ्या बिजागऱ्यांतून गेलेला नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म मानपाड्याचा. तिथे विठ्ठल नावाचे एक आगरी गृहस्थ राहत. उन्हाळाभर ते मिठागरात राबायचे आणि पावसाळ्यात भात लावायचे. मीठ वाहणारा एक मचवा, म्हणजे मोठी होडी, मोडीत निघाला तेव्हा त्याच्या फळ्या त्यांनी घरी आणल्या आणि सुताराकडून मला घडवून घेतलं. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड माझं! मला तोंड लावायची वाळवीची काय बिशाद होती?

तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! आल्यागेल्याने हात फिरवून ‘वा, काय दार आहे’ म्हणायचं. विठ्ठलांचा मुलगा परशुराम माझ्या कडीला लोंबकळून मोठा झाला. त्याची बायको कमळाबाई माझ्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात आली. पुढे शेतं गेली, कंपन्या आल्या, चारी बाजूंनी इमारती उठल्या. मग मला कोण विचारतो? तेलाचा थेंब मिळेना. पावसाचे शिंतोडे खाऊन माझी खालची फळी कुजली. मी कुरकुरायचो, पण ऐकणार कोण?

ऐकायची ती एकटी करिश्मा. परशुरामांची नात. जातायेता माझ्यावर थाप मारून ‘काय रे म्हाताऱ्या’ म्हणायची. ती नर्स झाली, राखीव जागेवर सरकारी नोकरीला लागली. घरातली पहिली सरकारी नोकरी! त्यासाठी तिचा जातीचा दाखला तपासायला समितीकडे गेला. तपासा की! कर नाही त्याला डर कशाला?

एके दिवशी करिश्मा भरदुपारीच घरी आली. हातात कागद होता आणि तोंड उतरलेलं.

“आजी, दाखला रद्द केला गं. आता नोकरीपण जाणार.”

“का? आपुन काय केलं?” कमळाबाई उंबऱ्यातच बसल्या.

“तेच विचारायला गेलेली मी. तर तिकडचा माणूस बोलतो, नोटीस दिलेली, तुम्हीच आला नाहीत. आता काही होणार नाही.” तिने कागद वाचून दाखवला. “बघ ना, काय लिहिलंय. ‘घर बंद आढळल्याने चौदा जून रोजी नोटीस दरवाजावर चिकटवली.’”

माझ्यावर? अहो, उचलली जीभ लावली टाळ्याला!

कमळाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “चवदा जून? त्या दिशी वटपौर्निमा व्हती. आमी सगल्या बाया घरानच व्हतो. आन दार व्हतंच कुठं? ते तं ठाकुर्लीला, धोंडिबा सुताराकडं!”

तेच तर, मित्रांनो! माझी कुजकी फळी बदलायला त्या आठवड्यात मला टेम्पोत घालून नेलं होतं. चौदा जूनला मी धोंडिबाच्या शेडमध्ये सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा पडलो होतो आणि तो माझ्यावर रंधा मारत होता. करिश्माने मोबाईल उघडला. त्या दिवसाचा फोटो निघाला. वडाची पूजा करून आलेल्या बायका उंबऱ्यावर उभ्या आणि मागे, माझ्या जागी, निळी ताडपत्री. फोटोवर तारीखसुद्धा होती.

परशुराम मात्र घाबरले होते. “पोरी, सायबांशी भांडू नको. जाऊन पाया पडू. हात जोडले का काम व्हतं.”

“पाया का पडायचं, आजोबा? मी काय चोरी केलीय?”

अशी पोर! मी अंगणातला वारा घेऊन दणदिशी आपटलो. शाबास म्हणायला माझ्याकडे दुसरं काय आहे?

टेंभी नाक्यावरून हेमाताई वकील आल्या. त्यांनी फोटो पाहिला, मग मला वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिलं. गोंदाचा एक डाग सापडला नाही. धोंडिबाने तर छाती ठोकून लिहून दिलं, ‘त्या दिवशी दरवाजा माझ्याकडे होता.’

हेमाताई म्हणाल्या, “समितीला दाखला रद्द करता येतो. पण आधी चौकशीचा अहवाल करिश्माच्या हातात द्यायला हवा. उत्तराला वेळ द्यायला हवा, तिचं म्हणणं ऐकायला हवं. हे कुणाचे उपकार नव्हेत, हा तिचा हक्क आहे.”

प्रकरण कोर्टात गेलं. मधल्या काळात नोकरी गेलीच. शेजारीपाजारी कुजबुजायचे, ‘खोट्या दाखल्यावर लागली होती म्हणे.’ कमळाबाई ते ऐकायच्या आणि मला मुद्दाम सताड उघडून ठेवायच्या. बघू दे लोकांना, लपायला आम्ही काय पाप केलंय! अखेर कोर्टाने तो आदेश रद्द केला आणि समितीला बजावलं, आधी ऐका, मग ठरवा.

या खेपेला शिपाई खरोखर आला. करिश्माने कागद माझ्यावर टेकवून सही केली, अहवाल घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या वाचला. त्यात लिहिलं होतं, की आजोबा परशुराम विठ्ठल यांच्या शाळेच्या नोंदीत दुसरीच जात आहे.

“शालेच्या?” परशुराम ताडकन उठले. “अगो, मी शालेची पायरीच चढलो नाय! सातव्या वर्सापासून मिठागरान बापासंग व्हतो. मना सही येत नाय, अंगठा मारतंय मी. ह्यो दुसराच कोनतरी परशुराम हाय!”

अकरा महिने, मित्रांनो! त्याच नावाच्या भलत्याच माणसाची नोंद उचलून आमच्या पोरीची अकरा महिने फरफट केली. एकदा समोर बसवून विचारलं असतं, तर हे दोन मिनिटांत उलगडलं असतं.

सुनावणीला परशुराम स्वतः गेले. विठ्ठलांच्या जातीची जुनी नोंद त्यांनी टेबलावर ठेवली आणि पुढे स्वतःचा अंगठा धरला. जे पाया पडायला निघाले होते, तेच खुर्चीवर ताठ बसून बोलले. दाखला खरा ठरला, करिश्माची नोकरी परत मिळाली. पण ती लगेच उठली नाही. तिने विचारलं, “सर, हा अहवाल मला आधी का नाही दाखवला?” साहेबांनी पुढची फाइल ओढली. तेव्हा ती म्हणाली, “उत्तर नसेल तर राहू दे. माझा प्रश्न लिहून घ्या.” आणि तो लिहून होईपर्यंत ती जागची हलली नाही. घरी येऊन रागारागाने तिने हे उंबऱ्यातच सांगितलं, म्हणून मला कळलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी त्या टेबलामागच्या खुर्चीवर बसेल. कुणाचं काही काढून घ्यायची वेळ आली, तर आधी त्याच्या दाराची कडी वाजवा. त्याच्याविरुद्ध काय लिहिलंय ते त्याच्या हातात द्या. त्याचं बोलून होईपर्यंत पेनाचं टोपण काढू नका. आणि एवढं जमत नसेल, तर त्या खुर्चीवर बसू नका.