परक्या बाईच्या तोंडून

शेजारची वाडी विकली गेल्याची बातमी पद्माताईंना किहीमच्या ग्रंथालयाच्या अंगणात, गावातल्या सगळ्या बायकांच्या देखत, इटलीतल्या एका नटीच्या तोंडून कळली. आणि ती ऐकून बायका खदखदून हसल्या.

झालं होतं ते असं. ग्रंथालयात नव्याने लागलेल्या अनुयाने बायकांसाठी सिनेमा ठेवला होता. इटलीतला, फार जुना, काळा-पांढरा. समुद्रकाठच्या गावात शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या मैत्रिणींची गोष्ट. दोन माडांच्या मध्ये पडदा बांधला, सतरंज्या अंथरल्या, डासांसाठी धूर केला. दिवेलागणीनंतर सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांतच कळलं, की खाली इंग्रजी अक्षरं यायला हवी होती ती येतच नाहीत. पडद्यावरच्या बायका फडाफडा बोलत होत्या आणि कुणाला काडीचं समजत नव्हतं. अनुया लॅपटॉपशी झटापट करून रडकुंडीला आली.

"अगो, आवाज बंद कर त्यांचा," मागून जनी म्हणाली. जनी वाड्यांमधून सुपारी सोलायला येई, आणि तिच्या तोंडाला सगळं गाव टरकून असे. "काय बोलत असतील ते आमाला ठावं हाय. आमीच बोलतो. क्रांतीकाकू, पद्माकाकू, उठा बघू!"

या दोघींनाच उठवायचं कारण होतं. एकाच वर्षी दोघी सुना म्हणून किहीमला आल्या, एकमेकींना लागून असलेल्या वाड्यांत. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहून आलेल्या बापाने मुलीचं नाव क्रांती ठेवलं होतं. सासरी ते बदलायचं निघालं तेव्हा ही सोळा वर्षांची पोर "मग हाक मारली तरी मी ओ देणार नाही" म्हणाली होती. पुढे याच अंगणात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, गणपतीत बायकांची नाटकं व्हायची. क्रांती कोळशाने मिशी काढून नवरा व्हायची आणि पद्माताई तिची बायको. मिशी घामाने गालभर पसरायची, तरी क्रांतीचं एक वाक्य कधी चुकलं नाही.

दोन्ही वाड्यांच्या हद्दीवर विहीर एकच. अर्धा काठ इकडे, अर्धा तिकडे. पंप बसून कितीतरी वर्षं झाली, तरी तुळशीपुरतं पाणी दोघी सकाळी हाताने शेंदत. पाणी हे निमित्त. सासवांच्या कागाळ्या, पोरांचे गोवर, नवऱ्यांची आजारपणं, शेवटी दोघींचं एकटं होणं, सगळं त्या काठावर बोलून झालं होतं. तिथे बोलली गेली नाही अशी गोष्ट आपल्या दोघींच्या आयुष्यात नाही, असं पद्माताई खुशाल सांगत.

दोघी पडद्यापुढे येऊन बसल्या. माईक एकच होता. तो दोघींत फिरू लागला. काळ्या कोटातली उंच बाई क्रांतीच्या वाट्याला आली, लांब वेणीची पद्माताईंच्या.

"तुझ्या नवऱ्याच्या सदऱ्याला काज करून करून माझे डोळे गेले," वेणीवाली म्हणाली.

"डोळे सदऱ्याने नाही गेले, समोरच्या खिडकीत बघून गेले!" कोटवालीने टोला दिला.

बायकांनी टाळ्या पिटल्या. जनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पद्माताईंना वाटलं, पेट्रोमॅक्स पुन्हा पेटलाय आणि आपण पंचविशीत आहोत.

मग पडद्यावरच्या कोटवालीने कपाटावरची बॅग काढली आणि भरायला घेतली. वेणीवाली पलंगाच्या कडेवर बसून काहीतरी म्हणाली.

"कुठे निघालीस गं एवढी नटून?" पद्माताईंनी विचारलं. "आधी माझी कात्री काढ त्यातली!"

हशा झाला. क्रांतीने माईक घेतला. पडद्यावर तिची बाई मान खाली घालून घड्या घालत होती.

"बडोद्याला," क्रांती म्हणाली. "लेकीकडे, अमिषाकडे. कायमची."

"इटलीवरनं डायरेक्ट बडोदा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

"वाडी विकली मी," क्रांतीचं चालूच होतं. पण हा आवाज नाटकातला नव्हता. "घर, माड, सुपारी, सगळी. विहिरीच्या अर्ध्या काठासकट. घेणारा तिथे भिंत घालणार आहे."

पद्माताईंच्या कानात एकदम दडा बसल्यासारखं झालं. हसण्याचा आवाज खाडीपलीकडून यावा तसा येऊ लागला. त्यांच्या डोळ्यांसमोर पडदा नव्हता, विहीर होती. गेल्या आठवड्यात काठापर्यंत ओढलेली चुन्याची पांढरी सरळ रेघ. "हे गं काय?" असं त्यांनी विचारलं होतं. "मुंग्या फार झाल्यात," क्रांती म्हणाली होती, आणि त्यांनी घरी येऊन आपल्याही ओट्याभोवती चुना टाकला होता.

पडद्यावर वेणीवाली बोलायला लागली. क्रांतीने माईक पुढे केला. पद्माताईंचे हात मांडीवरून उठेनात.

"बोला की पद्माकाकू! तुमची बाई बोलतेय!"

वेणीवालीचे ओठ हलत राहिले. शेवटी क्रांतीने माईक आपल्याच तोंडाशी नेला. "ती म्हणते, बरं केलंस. तुझे गुडघे गेलेत, एकटीने किती दिवस काढणार, जा तू—"

"मी असं म्हणत नाहीये!"

माईकशिवायच आवाज अंगणभर गेला. पद्माताईंनी तिच्या हातातून माईक ओढला.

"माझ्या बाईच्या तोंडी तू बोलू नकोस. कधी ठरलं?"

"दिवाळीत."

"दिवाळीत! आणि तेव्हापासून रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून काय बोललीस तू? कढीलिंबाला कीड लागली. मांजर व्यायली. मुंग्या झाल्या!"

दोघीतिघी अजून हसत होत्या. "गप गो," जनी दबक्या आवाजात म्हणाली, "हे सिनेमातलं न्हाय."

"रोज ठरवून यायचे," क्रांती म्हणाली. "तू रहाटावर हात ठेवलास की शब्द फुटायचा नाही. तुला सांगितलं असतं तर मला जाता आलं नसतं, पद्मे. आज ती बॅग भरायला लागली, आणि निघून गेलं तोंडून."

पद्माताई तिच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत या चेहऱ्यावर कोळशाची मिशी असतानासुद्धा तो त्यांना इतका अनोळखी वाटला नव्हता. त्यांनी माईक सतरंजीवर ठेवला, चपला शोधल्या, डावी-उजवी उलटसुलट पायात घातल्या आणि तशाच निघाल्या. पाठीमागे अनुया म्हणत होती, "आजी, अक्षरं आली! खरं काय बोलतात ते आता कळेल." त्या थांबल्या नाहीत.

सकाळी कळशी घेतली तेव्हा विहिरीवर जायचं नाही असंच त्यांनी ठरवलं होतं. पण पाय रोजच्या वाटेला लागले. पलीकडच्या काठावर क्रांती उभी होती, रिकाम्या बादलीला धरून. डोळे सुजलेले. मध्ये चुन्याची रेघ, दवाने जराशी फुगलेली.

"काय गं," पद्माताई म्हणाल्या, "मुंग्या गेल्या का?"

क्रांतीची मान खाली गेली. ती म्हणाली, "शिमगा झाला की निघायचंय."

पद्माताईंनी पोहरा आत सोडला. तो पाण्यावर आपटल्याचा आवाज खालून आला. दोर त्यांनी घट्ट धरला होता. भरलेला पोहरा वर आला तसा त्यांनी रेघेवर पाय दिला, पलीकडे गेल्या आणि तो क्रांतीच्या बादलीत रिकामा केला.

"शिमग्यापर्यंत पाणी मी शेंदते," त्या म्हणाल्या. "तू बस त्या दगडावर, आणि बोल. दिवाळीपासूनचं सगळं. फक्त मांजरीचं सोडून."