नवमीचा विळा

"हा वाकतोय," असं म्हणून जाईबाईने लालबागच्या हातगाडीवाल्यासमोर विळ्याचं पातं अंगठ्याने दाबलं. पातं वाळल्या पानासारखं लवलं.

"मावशी, अंगठ्यानं दाबायची वस्तू हाय का ती? गवत कापायची हाय."

"तू कापलंयस कधी? ओलं गवत अंगठ्यापरीस जोर लावतं. डब्याचा पत्रा कापलास, त्याला मूठ लावलीस, आन इळा म्हणून इकतोस. ठेव, पोरींना भातुकलीत खेळायला हुईल."

"स्वस्त हाय म्हणून सांगतोय."

"दुपारच्या आत मोडंल ते स्वस्त कसं रं?"

गाडीवाल्याने विळा परत गाडीवर टाकला. जाईबाईचा भाचा जयवंत शेजारी उभा राहून हसत होता. तो गिरणीत बदली कामगार होता आणि उरलेल्या वेळात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना सतरंज्या अंथरायला जायचा.

जाईबाई परळच्या चाळीत राहायची. शीवच्या पलीकडे मिठागरांच्या कडेला गवत कापायचं आणि दादरच्या एका तबेल्यात भारा टाकायचा, हा तिचा धंदा. गवतवाल्या बायका पुष्कळ होत्या. जिचा भारा आधी येईल तिचा तबेलेवाला भैया घ्यायचा, बाकीच्या भारे डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायच्या. जाईबाईचे गुडघे धरले होते. पहिलं येणं तिला आताशा जमत नव्हतं.

यंदा भैयाने सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं होतं, "खंडेनवमी को तुम लोग हथियार नहीं उठाती, और मेरी भैंस भूखी मरती है. इस बार जो घास लायेगी, साल भर उसीका भारा लूंगा."

बाकीच्या बायकांनी कानांना हात लावले. नवमीला हत्यार धुवायचं, पुजायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा रिवाज. जाईबाईने मात्र गेल्याच वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, घरातले देव बाहेर काढले होते. तिला नवमी आणि अष्टमी सारखीच. वर्षाचा भारा आपलाच, असं ती धरून चालली होती.

आणि ऐन वेळी विळाच गेला. परवा मोर्चाच्या दिवशी नाक्यावर झडती चालली होती. हवालदाराने तिच्या कमरेचा विळा ओढून काढला.

"इळा घेऊन फिरतेस? लाल बावट्याची दिसतेस."

"मी म्हशींच्या बाजूची हाय," जाईबाई म्हणाली होती. पण विळा गेला तो गेलाच.

आज नवमी उजाडली होती. शेजारच्या कमळाबाईचा विळा मागावा, तर ती म्हणाली, "पूजेतला उचलू व्हय गं? पाप लागंल मला." म्हणून ही सकाळपासूनची वणवण.

जयवंतने इकडेतिकडे बघून खिशातून खटक्याचा चाकू काढला. "आत्या, हा घे. खिशात मावतो. खटका दाबला की खटकन बाहेर."

"भाईर येऊन काय करतो?"

"लोक टरकतात."

"गवत टरकत न्हाय रं. त्येला कापावं लागतं. आत ठेव, न्हाय तर मोर्चाला जाशील आन ह्येच्यापायी आत बसशील."

मग ती दोघं दादरला गेली. तिथल्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून चकचकीत सुरी काढली. "कधीच गंजणार नाही, बाई."

"गंजायला हिनं काम तर कराया पायजे." जाईबाईने सुरी नखावर फिरवली. सुरी नुसतीच घसरली. "लग्नात दुसऱ्याला द्यायची वस्तू ही. आपुन वापरायची न्हाय."

तिचा विळा माहेरच्या लोहाराने गाडीच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवलेला होता. लोखंडाला पाणी असं बसलं होतं, की दगडावर आपटला तरी धार फिरायची नाही. बाभळीची मूठ तिच्या तळव्यातच झिजली होती.

"चौकीत जाते," ती म्हणाली.

"आत्या, मला त्या चौकीत वळखतात."

"मग तू भाईर उभा ऱ्हा. तुझा त्यो खटका घिऊन."

चौकीच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आत पाटावर पोलिसांच्या लाठ्या आणि एक बंदूक मांडलेली. एवढ्याने पूजा उघडी दिसत होती, म्हणून झडतीत धरलेले कोयते आणि चाकू मधे भरले होते. सगळ्यांच्या मधोमध जाईबाईचा विळा. पात्याला हळदकुंकू, मुठीला झेंडूची माळ. तोच हवालदार उदबत्ती फिरवत होता.

"माझा इळा न्यायला आले."

"आज? डोकं फिरलंय का? पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. दसरा झाल्यावर बघू."

"माझ्या गवताला आजचाच दिस हाय." जाईबाई उंबऱ्याशी ऐसपैस बसली. "पूजा कुनासाठी मांडलीय?"

"साहेब येतायत आरतीला."

"येऊ द्या. मी त्यांनाच इचारते. म्हणते, साहेब, माझा इळा धोक्याचा म्हणून धरला, तर त्येला कुंकू कशापायी? आन पुजायजोगा असंल, तर माझ्या कमरंचा ओढला कशापायी? मी घरातले देव भाईर काढले, आन माझ्या इळ्याला सरकारनं देव केला."

हवालदाराने उदबत्ती खाली टेकवली. तेवढ्यात कोपऱ्यावर जीपचा आवाज झाला.

"हे बघ बाई, मी भिंतीकडं तोंड करतो. तू उचल आन सूट. मला काय ठाऊक न्हाय."

"मी चोर न्हाय. तुमी घेतला, तुमीच द्या."

"अगं पूजा मोडतेय माझी."

"मांडली कुनी?"

हवालदाराने ओठातल्या ओठात देवाची माफी मागितली, मधला विळा उचलला आणि तिच्या हातात दिला. पाटावर मधोमध विळ्याच्या आकाराची मोकळी जागा राहिली. ती झाकायला त्याने घाईघाईत आपली टोपी ठेवली.

जाईबाई माळेसकट विळा कमरेला खोचून जीपच्या शेजारून निघाली. मिठागराच्या कडेला त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. गवत कमरेएवढं होतं.

संध्याकाळी तबेल्यात भैयाने भारा सोडला. हिरव्या गवतातून झेंडूची फुलं खाली पडली, कुंकवाने माखलेली.

"ये क्या है, बाई?"

"म्हशीला घाल," जाईबाई म्हणाली. "सरकारी हाय."

भैयाने फुलं टोपलीत टाकली. म्हशीने ती एकदा हुंगली आणि खाल्ली. "कल से तेरा ही भारा," भैया म्हणाला. तोवर जाईबाई दगडावर विळा पाजवायला बसलीसुद्धा होती.