एकाला परत पाठवल्याशिवाय

"आधी शाल, मग श्रीफळ, मग ट्रॉफी. ट्रॉफी घेताना कॅमेऱ्याकडे बघायचं हं, मॅडम," प्रियदर्शनी सांगत होती. संध्याकाळच्या सत्काराचा कार्यक्रम तिच्याकडे होता.

सरोजिनीबाई आगाशे ऐकत नव्हत्या. काचेपलीकडे नम्रता आपलं टेबल आवरत होती. डबा, पाण्याची बाटली, गणपतीची छोटी मूर्ती असं एकेक उचलून पिशवीत टाकत होती.

"ती का आवरतेय?"

"आयडिया नाही, मॅडम. तर बोलताना आधी सगळ्यांचे आभार, मग…"

बाई उठून बाहेर गेल्या.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही, मॅम."

"काही नाही तर डबा का भरतेस? अजून जेवलीही नाहीस."

नम्रताने मूर्ती रुमालात गुंडाळली. परभणीहून पुण्यात आलेली ही मुलगी दोन वर्षांपूर्वी बाईंच्या हाताखाली तयार झाली होती. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना सल्ला द्यायचा, हे तिचं काम. ती सहसा रडत नसे. आत्ताही रडत नव्हती.

मागच्या आठवड्यात वाघोलीहून नागोराव नावाचे गृहस्थ आले होते. कारखान्यात कामाला. मुलगा तेजस लंडनच्या एका कॉलेजात निघाला होता आणि त्यासाठी नागोराव राहता फ्लॅट गहाण टाकणार होते. नम्रताने लंडनमधल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्या पत्त्यावर जाऊन यायला सांगितलं. कॉलेज म्हणजे किराणा दुकानावरच्या दोन खोल्या निघाल्या. तिने नागोरावांना समोर बसवून सांगितलं, "काका, नका पाठवू याला."

नागोराव म्हणाले होते, "बरं झालं पोरी, सांगितलंस. पोरगं रुसंल चार दिवस. रुसू दे." आणि मुलाला घेऊन परत गेले. ते कॉलेज कंपनीला सगळ्यात जास्त कमिशन देत होतं.

"शौनक सर म्हणाले, नागोरावांना फोन कर. माझी चूक झाली, कॉलेज चांगलंय, असं सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"मग?"

"भावाची फी मी भरते, मॅम. दोनदा फोन हातात घेतला. नाही झालं माझ्याच्याने."

बाई तडक वळल्या.

ही कंपनी मुळात बाईंची. ब्याण्णव साली सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांनी ती सुरू केली होती. जो तो मुलाला अमेरिकेला पाठवायला निघाला होता. बाई हाताखाली माणसं घ्यायच्या, पण त्यांचा एक नियम होता. नवा माणूस आधी काही महिने नुसता शेजारी बसून ऐकणार. मग एके दिवशी त्याने एका घराला, बाईंसमोर, तोंडावर सांगायचं की मुलाला पाठवू नका, आणि का ते पटवून द्यायचं. एकाला परत पाठवल्याशिवाय टेबल मिळणार नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत, असं त्या म्हणत.

पहिला तयार झाला श्याम. नंतर शौनक आला. शौनकने तर स्वतःच्या घरमालकाच्या मुलाला परत पाठवलं होतं. मालकाने त्याला खोली सोडायला लावली. तेव्हा बाईंनी त्याला स्वतःचं टेबल दिलं, आणि पुढे, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, कंपनीही. त्या आता फक्त शिकवायला येत. कंपनी सदाशिव पेठेतून काचेच्या इमारतीत गेली. नियम मात्र चालू होता. शौनकने तो वेबसाइटवर टाकला होता, 'आमची परंपरा' म्हणून. टेबल मिळालं की पेढे वाटत.

बाई शौनकच्या केबिनमध्ये शिरल्या.

"अहो मॅडम, या, बसा. आज राग नको हं. आज तुमचा दिवस आहे."

"अजून जिवंत आहे मी. दिवस कसले घालतोस?"

शौनक हसला. बाई हसल्या नाहीत.

"नम्रताला काढलंस?"

"मॅडम, टेबल मिळवण्यापुरतं ते ठीक आहे. ते ट्रेनिंग झालं. रोज परत पाठवत बसलो तर दुकान बंद करावं लागेल."

"मग पाटीवर दुकान लिही. मार्गदर्शन कशाला लिहिलंस?"

"काळ बदललाय, मॅडम."

"हो ना. किराण्याच्या दुकानावर आता कॉलेजं निघतात."

शौनकने पेन खाली ठेवलं. "तिने फोन करावा, उद्या कामावर यावं. मी आकस धरत नाही. तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल ती."

"माझंच ऐकलंय तिने," बाई म्हणाल्या. "तेच तर तुला झोंबलंय."

शौनक अगदी हळू म्हणाला, "संध्याकाळी येताय ना? दिल्ली-बंगलोरचे लोक आलेत. आपल्या क्षेत्रात गुरूचा सत्कार कुणी करत नाही, मॅडम. मी करतोय."

"येईन. करच तू सत्कार."

हॉटेलचा हॉल भरला होता. बाईंनी शिकवलेली माणसं पुढच्या दोन रांगांत बसली होती. त्यांतले काही आता दुसऱ्या कंपन्यांचे मालक होते. पडद्यावर बाईंचे जुने फोटो सरकत होते. शौनकने मानपत्र वाचलं. वाचताना त्याचा आवाज खरोखर दाटून आला, आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला.

खांद्यावर शाल आली. हातात नारळ आला. बाईंनी माईक जवळ ओढला.

"सकाळी नम्रताला नारळ दिलात, संध्याकाळी मला. घाऊक आणलेत वाटतं."

लोक हसले. त्यांना वाटलं, पुणेरी विनोद. नम्रता कोण, हे फक्त पुढच्या रांगांना माहीत होतं. ती माणसं हसली नाहीत.

"भाषण मला येत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून ज्यांना टेबल मिळालं त्यांनी जरा उभं राहा."

दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. शौनकही स्टेजवर उभाच होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाले पुढे धावले. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"आता या वर्षी ज्याने एका तरी मुलाला परत पाठवलं, त्याने उभं राहा. बाकीच्यांनी बसा."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. खुर्च्या सरकल्या. पहिली रांग बसली. दुसऱ्या रांगेतले एकमेकांकडे बघत खाली बसले. श्याम एकटा उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, आता कंपनीच्या नाशिक शाखेचा प्रमुख. त्याने स्टेजवर शौनककडे पाहिलं. शौनक त्याच्याकडेच बघत होता. श्यामने घसा खाकरला, खुर्चीचा हात चाचपला आणि बसला.

हॉलमध्ये कुणी उभं नव्हतं. स्टेजवर शौनक होता. मग त्यानेही मागची खुर्ची ओढून घेतली.

"हे मी शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "याचा सत्कार मला नको."

त्यांनी शाल काढली, नीट घडी घातली, नारळासकट टेबलावर ठेवली आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या. कुणी थांबवलं नाही. प्रियदर्शनीने घाईघाईने गाणं लावलं.

बाहेर रिक्षा मिळाली. बाई आत बसतात तोच श्याम धापा टाकत आला. त्यांची पर्स स्टेजवर राहिली होती.

"बाई, या वर्षी दोघांना पाठवलं मी परत. गुपचूप. शौनकला कळू दिलं नाही."

"मग बसलास का?"

"मुलगी इंजिनीअरिंगला आहे, बाई. या वयात मला कोण घेणार?"

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. त्याला बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. सकाळपासून साठलं होतं.

"नम्रताचं काय होणार?" त्याने विचारलं.

"उद्या घरी बोलावलंय. कर्वेनगरला. जेवायचं टेबल आहे माझ्याकडे, ते देईन. त्यावर भावाची फी निघते का, बघू. तू जा आत. जेवण गार होईल."

"बाई…"

"जा म्हटलं ना."

रिक्षा सुरू झाली. वळणावर बाईंनी मागे पाहिलं. हॉटेलच्या पायऱ्यांवर, दिव्याखाली, श्याम आत न जाता तसाच ताठ उभा होता.