दोन वाजताची ओव्हर

गल्लीत तिला अजूनही सगळे ‘सिस्टर’च म्हणत. कुणाचं बीपी बघायचं असो की कुणाच्या पोराच्या नाकात शेंगदाणा अडकलेला असो, हाक सिस्टरला. फक्त हॉस्पिटलांना ती सिस्टर वाटत नव्हती. एक्केचाळीस ठिकाणी तिनं कॉम्प्युटरवरून अर्ज भरले आणि एक्केचाळीस ठिकाणांहून एकच उत्तर आलं: आपल्या अनुभवात सात वर्षांचा खंड असल्याने आम्ही दिलगीर आहोत. तेही तीन मिनिटांत! माणसाला दिलगीर व्हायलासुद्धा थोडा वेळ लागतो.

खंड म्हणजे तिचे सासरे. सात वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, आणि घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे नवऱ्यानं, नणंदेनं आणि सासूबाईंनी. ती तेव्हा ड्यूटीवर होती. चार महिन्यांपूर्वी सासरे गेले, आणि पाठोपाठ नर्सिंग कौन्सिलचं पत्र आलं. येत्या तीस तारखेच्या आत कुठल्याही हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. मग पुन्हा दोन वर्षं शिक्षण, पुन्हा परीक्षा, तीही चव्वेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून. आणि तेवढी सवड या घरात तिला कुणी देणार नाही, हे ती पुरतं जाणून होती. नोंदणी गेली की सिस्टर गेली. उरली असती ती नुसती सून.

आज तेवीस तारीख होती.

सकाळी जुन्या बॅचच्या मैत्रिणीचा फोन आला. हिला सगळ्या ‘टपाल’ म्हणत, कारण कुणाचीच बातमी तिच्या पोटात राहत नसे.

“अगं, ऑफिसच्या भिंतीवर कशाला डोकं आपटतेस?” टपाल म्हणाली. “ऑफिस नुसतं शिक्का मारतं. माणूस निवडते ती वॉर्डची इन्चार्ज. तिनं ‘मला हीच हवी’ म्हटलं की खंडबिंड सगळं गुंडाळून ठेवतात. आमच्या मेडिसिन वॉर्डच्या दोन सिस्टर सोडून गेल्यात. इन्चार्जला थेट फोन कर. नंबर घे. आणि माझं नाव मात्र सांगू नकोस हं!”

तिनं काय बोलायचं ते वहीच्या पानावर लिहून काढलं, चारदा खोडलं, पाचव्यांदा पाठ केलं. फोन केव्हा करावा यावर सासूबाईंनी सल्ला दिला. “जेवणं झाल्यावर कर गं. पोटात दोन घास गेले की माणूस नरमतो.” सासूबाईंचा हा अनुभव एकाच माणसावरचा होता, पण त्या इतक्या ठामपणे सांगत की ऐकणाऱ्याची मती गुंग व्हावी. तिनं ऐकलं. बरोबर दोन वाजता फोन लावला.

“मेडिसिन वॉर्ड.” मागे गलका होता, ट्रॉलीचं चाक करकरत होतं.

“नमस्कार मॅडम, इन्चार्ज सिस्टर आहेत का? मी नर्स आहे. बारा वर्षांचा अनुभव आहे, आपल्याकडे जागा...”

“इन्चार्जच बोलतेय. तुम्ही नर्स आहात?”

“हो मॅडम.”

“नर्स आहात आणि दोन वाजता वॉर्डात फोन करता?”

फोन आपटल्याचा आवाज आला.

ती तशीच उभी राहिली, फोन कानाला लावून. दोन वाजता ओव्हर असते! सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी नेऊन पेशंट सांगते. काय दिलं, काय राहिलं, काय बिघडलं. मग तो पेशंट दुपारचीचा, आणि सकाळची सुटली. त्या अर्ध्या तासात नर्स सख्ख्या आईचाही फोन घेत नाही. बारा वर्षं ती स्वतः अशा फोनवर खेकसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला इन्चार्जचा राग आलाच नाही. राग आला स्वतःचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. कॉम्प्युटर म्हणतो ते खरंच असेल तर? ती आता नर्स राहिलीच नसेल तर?

“काय म्हणाल्या?” सासूबाईंनी विचारलं.

“जेवत होत्या,” ती म्हणाली आणि प्रमाणपत्रांची फाईल घेऊन, चपला घालून निघाली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. इथं तर गाढव तीच होती.

चार वाजता ती वॉर्डाच्या दारात उभी होती. इन्चार्ज पन्नाशीच्या, काटकुळ्या, चष्मा कपाळावर चढवलेला. टेबलाशी रजिस्टर भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दोन वाजताच्या तुम्हीच ना? चेहऱ्यावर लिहिलंय. बोला, पाच मिनिटं आहेत.”

पाठ केलेलं सगळं पळालं. “मॅडम, मला काहीही काम द्या. रात्रपाळी द्या, बदलीवर ठेवा. तीस तारखेच्या आत नुसतं पत्र मिळालं तरी... मी तुमच्या पाया पडते.”

“पाया पडणाऱ्या रोज दोन येतात. सात वर्षं काय करत होतात?”

“घरी होते. सासरे आजारी होते.”

“म्हणजे काम नव्हतं.”

हे मात्र तिला झोंबलं. “पेशंट होता मॅडम!”

इन्चार्जनी पेन खाली ठेवलं. “बरं. पेशंट होता ना? मग ओव्हर द्या.”

क्षणभर तिला कळेना. मग पाठ आपोआप ताठ झाली, हात मागे गेले आणि सात वर्षांत न निघालेला आवाज निघाला. “पुरुष, वय एक्क्याऐंशी. उजवी बाजू लुळी. बोलणं गेलेलं, समज शाबूत. शेवटची तीन वर्षं नाकातल्या नळीनं खाणं. लघवीची पिशवी. दर दोन तासांनी कूस बदललेली. बेडसोर एकही नाही.”

“सात वर्षं अंथरुणाला, घरात, एकट्या बाईच्या हाताखाली. आणि बेडसोर एकही नाही?”

“नाही.”

“ओव्हर देताय तुम्ही,” इन्चार्ज हळूच म्हणाल्या. “अर्ज नाही.”

तिची मान खाली गेली. नोकरीसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो, पण ओव्हरमध्ये खोटं बोललं तर पुढचीच्या हातून पेशंट जातो. हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि तिनंही पुढे कित्येक पोरींना शिकवलं होतं.

“एक झाला होता,” ती म्हणाली. “तिसऱ्या वर्षी, कमरेखाली. माझी आई वारली म्हणून मी चार दिवस माहेरी गेले होते. कूस कशी बदलायची ते घरात लिहून ठेवलं होतं. परत आले तर कागद होता तिथंच, आणि हाड दिसत होतं. भरायला अकरा आठवडे लागले. त्यानंतर मी कुठंच गेले नाही.”

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी टक लावून ऐकत होती.

“आता पेशंट कुठं आहे?”

“गेले. चार महिने झाले. पहाटे, माझा हात धरून.”

“ओव्हर कुणाला दिलीत?” इन्चार्जनी सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“घ्यायला कुणी आलंच नाही, सिस्टर,” ती म्हणाली. “सात वर्षं दोन वाजले, पण कुणी आलंच नाही.”

आपण मॅडमच्या ऐवजी सिस्टर म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं नाही. सासरे गेले त्या दिवशी ती पाहुण्यांची अंथरुणं घालत होती, रडायला उसंत नव्हती. आता वॉर्डाच्या मधोमध ती हुंदके देऊन रडली.

इन्चार्जनी तिला रडू दिलं आणि ऑफिसला फोन लावला. “मला माणूस मिळालंय. आजच पत्र काढा... हो, खंड आहे... अहो, ते मला नका शिकवू!... मग कधी?” त्यांनी फोन ठेवला. “सही करणारे साहेब रजेवर. पाच तारखेला येतील म्हणतात. मी रोज जाऊन डोकं खाईन त्यांचं, पण वचन देत नाही. खोटं सांगायचं नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. पाच तारीख म्हणजे तीसच्या पुढे पाच दिवस. हिशेब दोघींनाही कळला होता.

इन्चार्जनी तिची प्रमाणपत्रं काढून घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवली. मग उठल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, सुटणाऱ्या सिस्टरच्या खांद्यावर ठेवतात तसा.

“मी घेतली ओव्हर,” त्या म्हणाल्या. “सिस्टर, तुम्ही घरी जा आता.”

नर्सच्या आयुष्यात याहून गोड वाक्य नाही. बारा वर्षं ती रोज याच वाक्याची वाट बघायची. ती जिना उतरू लागली. मधल्या वळणावर कठडा धरून थांबली. सात वर्षांची ड्यूटी आज संपली होती, आणि जायला घराशिवाय दुसरी जागा नव्हती.