दंडातला उंदीर

चमचा फरशीवर पडला आणि मुकं घर खणखणलं. सकाळपासूनचा तिसरा.

"राहू दे, मी घेतो," तो म्हणाला. पण खुर्ची काही सरकली नाही.

खिडकीजवळच्या टेबलावरून ती उठली. चमचा धुऊन तिने त्याच्या डाव्या हाताशी ठेवला, अगदी सहज ठेवल्यासारखा. वीस वर्षं रंधा मारलेला सुतार तो. आता उजवा हात शर्टाच्या बाहीत खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता.

मुलांच्या शब्दकोशाची प्रुफं तपासायचं काम ती घरी आणायची. त्या गठ्ठ्याखाली कालचा रिपोर्ट होता. आधी हा हात, मग एकेक करून सगळेच स्नायू जातील, असं डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "शीर दबलीय. वेळ लागेल." त्यानेही पुढे काही विचारलं नाही.

"बाबा, बेटकुळी!"

चिंगी दप्तर पाठीला लावून उभी. शाळेला निघण्याआधी रोज बाबाने दंड फुगवायचा आणि तिने बोटाने बेटकुळी दाबायची, हा नेम होता. त्याने डाव्या हाताने धरून उजवा हात दुमडला. दंडावर काहीच उठलं नाही.

"रजेवर गेलीय," तो म्हणाला. "अर्जबिर्ज न देताच."

चिंगी हसली नाही. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं, तशी आईने समोर होतं तेच वाचून दाखवलं.

"हे बघ गंमत. मसल म्हणजे स्नायू. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय, माहितीये? छोटा उंदीर! कातडीखाली उंदीर पळतोय, असं वाटायचं त्या लोकांना."

"म्हणजे आपली बेटकुळी, बेडकी, आणि त्यांचा उंदीर," तो हसला. "माझ्या अंगात राणीची बागच की गं!"

"किती उंदीर असतात, आई?"

"सहाशेच्या वर," ती कौतुकाने सांगून गेली, आणि जीभ चावून प्रुफांवर वाकली.

रिक्षा यायला वेळ होता. थोड्या वेळाने तिने मान वर केली. त्याने बाही वर सारून उजवा हात टेबलावर पसरून ठेवला होता. मनगटापासून खांद्यापर्यंत, कातडीला लागून, चिंगीने डब्यातल्या बिस्किटाच्या चुऱ्याची रांग लावली होती.

"हलायचं नाही हं. उंदीर घाबरतो."

एरवी घटकाभर एका जागी न बसणारा तो माणूस श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

चुरा होता तसाच राहिला. शेवटी चिंगीने उसासा टाकला.

"जाऊ दे, बाबा. एकच गेलाय. बाकीचे राहतील ना?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मग त्या गठ्ठ्याकडे.

"आईला विचार," तो हळूच म्हणाला. "वाचायचं काम तिचं."

चिंगी वळली. बोटांना अजून चुरा लागलेला होता.

"आई, राहतील ना?"