काम हातखंब्याकडनं

तालुका लोकल बोर्डाच्या सभेला त्या दिवशी तेरा सभासद हजर होते, आणि त्यातले सात उठून जाणार हे तेराही जणांना ठाऊक होतं. त्या सातांत काशीराम होता. पक्ष लवूचा, म्हणजे काशीरामच्या मेहुण्याचा. लवूनेच त्याला निवडून आणलेलं.

सन चौतीसचा मार्च सरायला दोन दिवस उरले होते. मंदीत गिरण्या बंद पडून चाकरमानी गावोगाव परतले होते, म्हणून सरकारने कामं काढायला पैसे दिले होते. हातखंब्याच्या नाक्यापासून काशीरामच्या वाडीवरून खाली खाडीपर्यंत रस्ता. महिनाअखेर ठराव झाला नाही तर पैसे परत. ठराव मांडणारे परशुरामपंत विरुद्ध पक्षाचे, शिवाय अध्यक्ष, आणि खाडीच्या टोकाला त्यांचीच आंब्याच्या कलमांची बाग. लवूच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

तसं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. "काम खाडीकडनं सुरू व्हनार. बागेपुरतेच पैसे पुरतील आन् तुमची वाडी ऱ्हाईल तशीच," तो म्हणाला होता. पण रस्त्याच्या विरोधात उघड हात वर करायची छाती त्याच्यात नव्हती. लोकांनी दारात उभं केलं नसतं. सातजण उठून गेले की सहाच उरतात, सातांचा कोरम मोडतो आणि पाप कोणाच्याच माथी बसत नाही.

इकडे काशीरामच्या घरी धाकटा भाऊ केरू गिरणी सुटल्यापासून ओटीवर बसून होता. पुढल्या आठवड्यात तो आगबोटीवर खलाशी म्हणून निघणार होता. बापही असाच गेला होता, तो परत आलाच नाही. बोटीचा भोंगा ऐकू आला की आई अजून भरल्या ताटावरून उठायची. "गावात काम भेटलं तर कशाला जातोय मी?" केरू सकाळी एवढंच बोलला होता.

पंतांनी ठराव वाचला. लवू घसा खाकरून उठला, मागोमाग पाचजण. खुर्च्या करकरल्या. काशीराम मात्र उठला नाही. बसून राहायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं, पण पायच उचलेनात.

"भावजी, उठा," लवू दारातून म्हणाला. "बसून काय ऱ्हायलाव?"

"पंत," काशीराम म्हणाला, "काम हातखंब्याकडनं सुरू करा. तसं ठरावात लिवा. मग मी बसतो."

पंतांचा चेहरा पडला. पैसे कुठवर पुरणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? हातखंब्याकडून निघालेला रस्ता बागेच्या अलीकडेच थांबणार होता. शेजारचे वकील त्यांच्या कानाशी लागले, "सोडा हो ठराव, पुढच्या वर्षी बघू." पंतांनी त्यांना हातानेच गप्प केलं आणि त्या सहा रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग टाक दौतीत बुडवला आणि ती ओळ स्वतःच्या हाताने ठरावात घातली.

"आक्काला सांगा," लवू शांतपणे म्हणाला, "आजपासनं तिला भाऊ नाय."

काशीरामने बायकोला, सोनूबाईला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तरी तो बसून राहिला. कोरम भरला, ठराव मंजूर झाला.

केरू बोटीवर गेला नाही. पावसाळ्यापर्यंत त्याने रस्त्यासाठी जांभा दगड फोडला, पावसाळ्यानंतर पुन्हा फोडला. रस्ता वाडी ओलांडून पंतांच्या बागेआधी अर्धा मैल संपला. पंतांचे आंबे तेवढा अर्धा मैल अजून बायांच्या डोक्यावरूनच येतात.

दोन वर्षांनी निवडणूक लागली. लवू मोटारीतून आला, त्याच रस्त्याने. देवळापुढे सभा झाली. "हा रस्ता आमच्या पक्षानं झगडून हातखंब्याकडनं करून घेतला," तो म्हणाला, "न्हायतर पंतांच्या बागेत गेला असता." लोकांनी टाळ्या दिल्या.

केरू उठायला लागला. काशीरामने त्याचा खांदा दाबला. "बस खाली."

"दादा, खोटं बोलतोय तो."

"बोलू दे. तू हितं हायस ना?"

घरी सोनूबाई गूळ-पाणी घेऊन उंबऱ्यात उभी होती. दोन वर्षांनी भाऊ वाडीत आला होता. मोटार दारावरून गेली, हातखंब्याच्या दिशेने, जराही न थांबता. रस्ता चांगलाच झाला होता. धूळ बसेपर्यंत ती तशीच उभी राहिली. काशीरामने तिच्या हातातला तांब्या घेतला.