ताटातल्या दहाच्या नोटा

नंदिनीआत्याने विधानसभेसाठी अपक्ष म्हणून अर्ज भरला, तेव्हा घरात कामं वाटली गेली. माझ्या वाट्याला हिशोब आला. मी भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं आहे, आणि आमच्या घरच्यांच्या मते ज्याला गणित येतं त्याला जगातलं सगळंच मोजता येतं.

काम मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच मजेदार निघालं. उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर तीन रंगांचं असतं. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रक्कम, पिवळ्या पानांवर बँक. आलेला प्रत्येक रुपया कुणी दिला, त्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. पण खरी गंमत पुढे आहे. निवडणूक विभागसुद्धा प्रत्येक उमेदवाराच्या नावाने आपली एक वेगळी वही ठेवतो. त्यांची व्हिडिओ टीम सभेला येऊन खुर्च्या मोजते, चहाचे कप मोजते आणि ठरलेल्या दराने तिकडे लिहिते. प्रचार संपेपर्यंत तीनदा या दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून तपासल्या जातात. एकच गोष्ट दोन वेगळ्या माणसांनी मोजायची आणि फरक आला तर का आला ते शोधायचं. प्रयोगशाळेत आम्ही दुसरं काय करत होतो? पहिल्या तपासणीत आमचा फरक आला तो फक्त काही खुर्च्यांचा, आणि त्या खुर्च्या शेजारच्या तेरवीच्या निघाल्या.

आत्या वर्ध्याच्या कोर्टात वकिली करते. आमच्याकडे पैसा नव्हता, म्हणून तिने प्रचारात एकच गोष्ट धरली होती. ती प्रत्येक सभेत सांगायची, माझा खर्च आणि मला मिळालेली देणगी रोज संध्याकाळी माझ्या दारातल्या फळ्यावर लिहिली जाईल, कुणीही येऊन वाचा. लोक खरंच वाचायला येत. डिझेलचा आकडा बघून सल्ले देत.

मग आम्ही आंजीला गेलो.

आंजीतल्या भाजीवाल्या बायका आत्याला फार पूर्वीपासून ओळखतात. सेलूच्या बाजारात त्यांना बसायला पक्की जागा मिळावी म्हणून आत्या त्यांच्या बाजूने भांडली होती, फी न घेता. त्यांनी तिला ओवाळायचं ठरवलं होतं. आम्ही बौद्ध, आत्या कुंकू लावून घेत नाही. ते त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या रंभाकाकूंना ठाऊक होतं. त्यांनी ताटात कुंकवाचा करंडा ठेवलाच नव्हता, नुसता दिवा आणि झेंडूची फुलं.

अडचण वेगळीच होती. ज्याला ओवाळतात त्याने ताटात ओवाळणी टाकायची असते. पण उमेदवाराने ताटात नोट टाकली की ते मतदाराला पैसे दिल्यासारखं होतं. मी आत्याला आधीच बजावलं होतं, आणि आत्याने हात जोडून बायकांना सांगितलं की आज ओवाळणी टाकता येणार नाही. रिकाम्या ताटाने ओवाळणं म्हणजे अपशकुन, अशी कुजबुज सुरू झाली. रंभाकाकूंनी थोडा विचार केला.

"तुले टाकता येत नाई ना? मंग आमी टाकतो."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून ताटात ठेवली. मग त्यांच्या सुनेने, पिंकीने. मग शेजारच्या कांताकाकूंनी. ताट हातोहात फिरलं, भरलं. एक नोट वाऱ्याने उडून दिव्याकडे सरकली, तेव्हा आत्याने पटकन ती उचलून फुलांखाली दाबली. शेवटी सगळं ताट तिच्या पदरात रिकामं झालं.

मी रजिस्टर उघडून नावं विचारली. कुणी सांगेना. गावातले बहुतेक पुरुष मधुकररावांच्या प्रचारात होते, आणि मधुकरराव आमच्या विरुद्धचे सगळ्यात मोठे उमेदवार. रंभाकाकूंचे यजमान नत्थूकाका तर गळ्यात त्यांचा दुपट्टा घालूनच फिरत. कांताकाकू म्हणाल्या की नाव लिहिलं तर आज घरी भाकरीऐवजी भांडण शिजेल. मी गुलाबी पानावर 'आंजी येथील महिलांकडून' एवढंच लिहिलं. हे पुरेसं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन दिवसांनी एक व्हिडिओ फिरू लागला. काही सेकंदांचा. दिव्याचं ताट, त्यात दहाच्या नोटा, आणि आत्याची बोटं एक नोट फुलांखाली ठेवताना. कुणीतरी वर लिहिलं होतं: 'आंजीच्या भाजीवाल्यांनी दहा रुपयांत मत विकलं.' त्याच संध्याकाळी नोटीस आली. मतदारांना पैसे वाटल्याची तक्रार आहे, दुसऱ्या तपासणीच्या वेळी खुलासा द्या. खुलासा पटला नाही तर गुन्हा दाखल होणार होता. शिवाय उघड हिशोबाच्या भरवशावर उभा केलेला आमचा प्रचार तिथेच आडवा झाला असता. मी फळ्याजवळ गेले तर दोन पोरं तिथे उभी राहून हसत होती.

मी तो व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाहिला. नोटा ताटात आधीपासून आहेत, हे दिसत होतं. पण आत्याच्या बोटांतली नोट ताटातूनच आली की तिच्या पर्समधून, हे दिसत नव्हतं. एका फोटोवरून चेंडू वर चालला आहे की खाली येतो आहे, हे सांगता येत नाही. तसंच हे. आमच्याकडचे व्हिडिओ सगळे भाषणांचे, आणि ओवाळणं ही सभा नव्हे, म्हणून निवडणूक विभागाची टीम तिथे आलीच नव्हती.

उपाय एकच होता. ज्यांनी पैसे दिले त्यांनी येऊन तसं सांगायचं. मी आंजीला जायला निघाले, तर आत्याने अडवलं.

"कोणालेच विचारायचं नाई, पौर्णिमा. त्यायच्या घरात आग लावून मले निवडून याचं नाई."

मी म्हटलं, निवडून येणं राहू दे, गुन्हा दाखल होईल. ती म्हणाली, वकील आहे मी, माझं मी बघते. मग ती पाठमोरी होऊन चष्मा पुसत राहिली.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघी वर्ध्याच्या कार्यालयात वेळेआधी पोहोचलो. खर्च निरीक्षक दुसऱ्या राज्यातून आलेले, हिंदी बोलणारे, शांत गृहस्थ होते. दोन्ही वह्या उघडल्या गेल्या. डिझेल जुळलं, पत्रकं जुळली, मंडप जुळला. मग आंजी आली. मी लॅपटॉपवर माझी थांबवलेली चित्रं दाखवली आणि नोटा आधीपासून ताटात कशा होत्या ते समजावलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं, एक चित्र पुन्हा बघायला मागितलं. मग गुलाबी पानावर बोट ठेवलं.

"बेटा, तुम कहती हो पैसा आया. देने वाला कौन है?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या टेबलाकडे बघत होती. ती म्हणाली, आम्ही ती नावं देऊ शकत नाही. निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारावरचा शिपाई आत आला आणि म्हणाला की बाहेर खूप बायका आल्या आहेत, ऐकत नाहीत. तपासणी कुणालाही पाहता येते असं तुमच्याच कागदावर लिहिलंय म्हणतात.

रंभाकाकू सगळ्यात पुढे होत्या. आमच्यातलं कुणीही त्यांना बोलावलं नव्हतं. मधुकररावांच्या लोकांनी उत्साहाच्या भरात व्हिडिओसोबत नोटिशीचा फोटोही गावभर पाठवला होता, आणि त्यावर तपासणीची तारीख, वेळ, जागा सगळं होतं. पिंकीने तो नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिला आणि सासूला वाचून दाखवला. व्हिडिओवरच्या त्या ओळीसकट.

"साहेब," रंभाकाकू म्हणाल्या, "आमी देल्ले, घेतले नाई. आमाले कोनी दहा रुपयांत विकत घेतलं, हे कोन म्हनून राह्यलं ते समोर येऊन सांगा म्हना."

निरीक्षकांना शब्द सगळे कळले नसावेत, पण अर्थ कळला. त्यांनी टोपण पुन्हा लावलं आणि कारकून गोपालला प्रत्येकीचं नाव, पत्ता लिहून घ्यायला सांगितलं.

इथे एक नवीनच पेच आला. गोपालने पूर्ण नाव विचारलं, आणि रंभाकाकू 'रंभा' एवढ्यावरच अडल्या. आंजीत त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. गोपालने दोनदा विचारलं. मग मागून कांताकाकूंचा आवाज आला.

"नत्थू लिवा. मतदार यादीत सापडतेत ते. घरात नाई सापडत."

सगळ्या हसल्या, गोपालही हसला. मग रांगेची तशीच पद्धत पडली. मागच्या बाईने पुढचीच्या नवऱ्याचं नाव सांगायचं, आणि सोबत जमेल तसा टोमणाही मारायचा. निरीक्षक एकेकीला पुढे बोलावून विचारत होते, किती दिले, कुणाच्या सांगण्यावरून दिले. उत्तरं जवळजवळ सारखीच होती. दहा रुपये, मेथीचे. दहा रुपये, सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे. सांगणारं कोण असणार, साहेब, पैसे माझे.

रांग निम्मी झाली असेल, तेव्हा नत्थूकाका आले. गळ्यात दुपट्टा होता, सायकल दामटत आल्यामुळे धाप लागली होती. बायकोला घरी न्यायला आले होते. पण गोपालच्या कागदाकडे नजर गेली आणि ते तिथेच थांबले.

"इथं माहं नाव काऊन लिहून राह्यले?"

गोपालने सांगितलं की देणगीदाराच्या नावात नवऱ्याचं नाव आलं आहे. हा कागद नंदिनीताईंच्या हिशोबाला जोडला जाईल, नोटीस बोर्डावर लागेल आणि वेबसाइटवरही दिसेल. नत्थूकाकांचा चेहरा उतरला. मधुकररावांनी वाचलं तर काय होईल, हे ते मोठ्यानेच बोलून गेले. माझं नाव काढा, म्हणाले.

गोपालने निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि गाव असलं की देणाऱ्याची ओळख पटते, नवऱ्याचं नाव असलंच पाहिजे असं नाही.

रंभाकाकू नत्थूकाकांकडे बघून म्हणाल्या, "काढून टाका, साहेब. पैसे माहे होते. नाव बी माहंच राहू द्या."

गोपालने त्या नावावर रेघ मारली. लगेच कांताकाकू पुढे झाल्या, माझ्याही नावापुढचं नवऱ्याचं काढा. मग पिंकी. मग ज्यांचं लिहून झालं होतं त्या सगळ्या परत टेबलाभोवती गोळा झाल्या. गोपालने शेवटी कोरा कागद घेतला आणि यादी पहिल्यापासून लिहिली: बाईचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि गावाचं कागदोपत्री नाव. रंभा, आंजी मोठी. पिंकी, आंजी मोठी. कांता, आंजी मोठी. मी आजवर इतकी चांगली यादी पाहिली नव्हती. नत्थूकाका कोपऱ्यातल्या बाकावर बसले, आणि कुणीतरी त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

यादीतली रक्कम आणि माझ्या गुलाबी पानावरची रक्कम गोपालने जुळवून पाहिली. जुळली. निरीक्षकांनी त्यांच्या वहीत 'मतदारांना वाटप' अशी जी ओळ होती ती खोडली, शेजारी 'देणगी प्राप्त' असं लिहून सही केली. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असा शेरा त्यांनी आमच्यासमोरच टाइप करून घेतला. जाताना त्यांनी मला विचारलं, ती थांबवलेली चित्रं मी कशी काढली. मी सांगितलं. ते म्हणाले, मेहनत अच्छी थी, पर गवाह उससे अच्छे निकले. मला वाईट वाटलं नाही. मोजमाप अपुरं पडलं की नवीन माहिती शोधावी लागते, आणि ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

बाहेर आल्यावर आत्याने रंभाकाकूंचे हात धरले. म्हणाली, तुम्हाला घरी त्रास होईल.

"होऊ दे ना, बाप्पा. आता का लपवायचं राह्यलं? दोन-चार दिवस बोलतीन, मंग भाजी काय केली म्हनून इचारतीन."

पिंकीला वाटत होतं की आता सगळ्यांनी मिळून बाजारातून घोषणा देत जावं. मी तिला सांगितलं की मिरवणुकीला परवानगी लागते. गाडीलाही लागते. बायकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचे नियम गिळले. कांताकाकूंनी विचारलं, एसटी स्टँडवर चालत जाऊन घरची बस पकडायला लागते का परवानगी? नाही लागत, मी म्हटलं.

म्हणून त्या चालत निघाल्या. घोषणा दिल्या नाहीत. पण रस्त्यात जो ओळखीचा भेटला त्याला थांबवून झालेलं सगळं सांगितलं, आणि वर्ध्याच्या त्या रस्त्यावर अर्धी माणसं आंजी-सेलूकडचीच निघाली. पानठेल्यावर सांगितलं, चप्पल शिवणाऱ्याला सांगितलं, केळझरहून आलेल्या एका वऱ्हाडाला सांगितलं. आत्या मधोमध चालत होती आणि लोक दुकानांतून उतरून तिला हात जोडत होते. ज्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला होता, त्याच मोबाइलवर आता लोक निरीक्षकांच्या शेऱ्याचा फोटो मागत होते. नत्थूकाका सायकल हातात धरून जरा अंतर ठेवून मागे येत होते. रंभाकाकूंची पिशवी त्यांच्या हँडलला लटकत होती. दुपट्टा गळ्यातच होता.

स्टँडवर आंजीची बस लागली होती. मी रजिस्टर उघडलं आणि पिंकीला विचारलं, यायचं-जायचं तिकीट कोण काढणार, कारण आम्ही काढलं तर ते लिहावं लागेल. ती म्हणाली, आमचं आम्हीच काढतो, ताई, बायकांना अर्धंच तिकीट आहे. बस भरली. रंभाकाकू कंडक्टरच्या सीटला धरून उभ्या राहिल्या आणि अनोळखी प्रवाशांना पहिल्यापासून सांगू लागल्या, की दहा रुपये कुणी कुणाला दिले. कंडक्टरने घंटी मारली तरी त्या थांबल्या नाहीत. बस वळणावरून दिसेनाशी झाली, तरी आतला हशा बराच वेळ ऐकू येत होता.

मी अजून पेन धरून उभी होते. हा प्रचार होता, यात शंका नव्हती, आणि प्रचार झाला की पांढऱ्या पानावर ओळ यायलाच हवी. मी आत्याला विचारलं, खर्चाच्या रकान्यात काय लिहू?

आत्या मोठ्याने हसली. कितीतरी दिवसांनी.

"शून्य लिव, पोरी. ठळक लिव."

मी लिहिलं.